आबांना धुरपदा अक्काने नेलं

खरं सांगा, तुमच्या घरात कोणाला ताप भरला तेव्हा शेजाऱ्याला काय सांगितलं होतं तुम्ही? ऊन लागलं, असंच ना? की बागेत पाणी धरताना भिजला, म्हणून अंग मोडलं? लाजू नका. मीही तेच सांगितलं होतं, आणि मी तर आमच्या गावात भोंगा लावून कोरोनाची माहिती देत फिरणारा माणूस. पण ही गोष्ट माझी नाही. धुरपदा अक्काची आहे. ती लिहायला मी चार वर्षं लावली, कारण या बाईवर मी तेव्हा जळत होतो. अजूनही थोडा जळतो.

यावल तालुक्यातलं आमचं गाव. तीन बाजूंना केळी, चौथ्या बाजूला सातपुडा. अक्का पहूरकडची, लग्न होऊन इकडे आली. नात्याने माझी काकू, वडिलांच्या चुलतभावाची बायको, पण सगळं गाव अक्काच म्हणतं. शाळा चौथीपर्यंत. नवरा जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. एक मुलगी, ती शिंदखेड्याला दिलेली. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवायचे पापड, करायचे असले की बायका आधी अक्काला दिवस विचारतात आणि मग ज्वारी भिजत घालतात. हातात साधा बटणांचा फोन. एवढंच तिचं भांडवल.

आणि दारावर जाणं. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे कोणी वारलं की सोयऱ्यांच्या गावाहून बायका गाडी करून भेटायला येतात, त्याला दारावर येणं म्हणतात. गाडीतून उतरल्या की रडतच घरापर्यंत यायचं आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं, एकीमागून एक. आमच्या आळीच्या बायका अक्काशिवाय अशा गाडीत चढत नाहीत. कोण कोणाची कोण, आधी कोणी कोणाच्या गळ्यात पडायचं, हे तिलाच ठाऊक.

दोन हजार एकवीसच्या मार्चपासून दारावर जाण्याचा रतीबच लागला होता. मी रिक्षावर भोंगा बांधला आणि गावभर ओरडत फिरलो की हे गळ्यात पडणं बंद करा, एका दारावरून आजार दहा घरी येतोय. लोक म्हणाले, पंडित भाऊ, तुमच्या घरी वेळ आली की आम्हीपण लांबूनच रडू. असा महिना गेला. मग अक्काची सख्खी नणंद वारली. अक्का गाडीतून उतरली, अंगणात चार हात लांब उभी राहिली, तोंडावर दुहेरी पदर बांधलेला, आणि तिथूनच रडली. नणंदेची सून धावत आली तर अक्काने हात जोडून तिला जागच्या जागी थांबवलं. मागच्या अकरा जणी आपोआप थांबल्या. त्या घरचे लोक आठ दिवस तिला नावं ठेवत होते. पण पुढच्या दारावर आमच्या गाडीतली एकही बाई कोणाच्या गळ्यात पडली नाही.

मला आनंद झाला असेल असं वाटतं तुम्हाला? मी घरी येऊन जेवलो नाही.

मास्कचंही तेच. मी चारशे मास्क वाटले, वर माझ्या कोरोना समितीचं नाव छापून. लोकांनी ते हनुवटीला अडकवले, दाढीला जपल्यासारखे. मी समोर आलो तरी तसेच. अक्का समोरून आली की मात्र बोट स्वतःच्या नाकावर टेकवायची, बोलायची काही नाही, आणि चांगले मिशीवाले बाप्ये मास्क वर ओढायचे. आरोग्य केंद्रात मी गेलो की भूमिका सिस्टर म्हणायच्या, काय काम आहे, लवकर सांगा. अक्का गेली की खुर्ची सरकवायच्या. अक्का तासतासभर बसून विचारायची. हा आजार दिसायच्या आधी किती दिवस अंगात असतो? ताप नसेल तरी होतो का? वास कधी जातो? नाकातली काडी खरंच मेंदूपर्यंत जाते का? मी असं कधी बसून विचारलं नाही. मला वाटायचं मला सगळं येतं. सातवी शिकलोय, पण सरकारी परिपत्रकं वाचून अधिकाऱ्यांना घाम फोडलेला माणूस मी.

आता एप्रिलमधला तो सोमवार.

आमच्या घरचे बिबडे होते. अक्काने त्या वर्षी पद्धत बदलली होती. आठ-दहा जणींऐवजी चौघीच, त्याही उघड्या अंगणात, खाटेच्या चार कोपऱ्यांना, तोंड बांधून. पहाटे चुलीवर घाटा शिजला. घाटा म्हणजे बिबड्यांचं शिजवलेलं पीठ, तीळ, मिरची, लसूण घातलेलं. थापायच्या आधी तो वाटीत घेऊन तेल टाकून सगळ्यांनी चाखायचा, ही रीत. अक्काने रीत ठेवली, फक्त वाटी ज्याची त्याने घरून आणायची आणि लांब जाऊन खायचं. त्या दिवशी लसूण इतका पडला होता की मी ओट्यावर बसलो होतो तरी नाकाला झोंबत होता.

अक्काने माझ्या बायकोला विचारलं, "चारू, लसूण बरा पडला ना वं?"

चारुलता म्हणाली, "टाकलाच नाही ना अक्का. मले तं नुसतं कोमट पीठ लागू र्‍हायलं."

बाकीच्या दोघी हसल्या. त्यांना वाटलं चेष्टा आहे. अक्का हसली नाही. तिने पाट्यावरची ठेचलेली लसणाची पाकळी काडीवर घेतली, हात लांब करून चारूच्या नाकापुढे धरली आणि डोळे मिटायला सांगितलं. चारूला काही कळलं नाही. मग कधीपासून, घशात काही आहे का, अंग दुखतं का, घरात आणखी कोणाला काही होतंय का, असं एकेक करत अक्काने सगळं काढून घेतलं. चारूला दोन दिवसांपासून कणकण होती. आणि आबा, म्हणजे माझे वडील जीवराम आबा, पाच दिवसांपासून अर्धी भाकर ताटात ठेवत होते. सुका खोकला होता. वय बहात्तर, साखरेची गोळी चालू.

अक्का म्हणाली, दोघांना आजच तपासणीला न्यायचं. आणि मलाही घरात बसायला सांगितलं.

मी ओट्यावरून उठलो. आमच्या अंगणात, बायकांसमोर, माझ्या घराला रोग चिकटवणारी ही कोण? मी म्हणालो की सर्दीत कोणाचाही वास जातो, आबांना ऊन लागलंय, आणि गावात कोरोनाचं काम मी करतो, मला कळत नाही का. पण खरं कारण वेगळं होतं. गुरुवारी आमची केळी कापायची होती. व्यापाऱ्याचा माणूस बन्सीलाल आदल्या आठवड्यात सांगून गेला होता की ज्या घरी पेशंट निघतो त्याच्या बागेत गाडी येत नाही, सरकारने बंदी घातलीय. घड पूर्ण भरलेले. आठ दिवस उशीर म्हणजे झाडावरच पिवळे पडणार. आमच्या गावात त्या महिन्यात निम्मे ताप या एका वाक्यामुळे झाकले गेले. केळी कापून होईपर्यंत ऊन लागलेलं असायचं, आणि गाडी भरून गेली की मग माणूस दवाखान्यात. दोघे जण तसे उशिरा गेले आणि परत आले नाहीत. हे मला माहीत होतं. तरी मी गुरुवारची वाट पाहायला निघालो होतो, बापाला पणाला लावून.

अक्काने माझ्याशी वाद घातला नाही. ती सरळ आबांच्या खाटेकडे गेली.

आता याचा अर्थ समजून घ्या. आबा तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. आमच्याकडे त्या वयाची बाई जेठाशी थेट बोलत नाही. पस्तीस वर्षांत अक्का आबांशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की पदर ओढून, पाठ फिरवून चारूला म्हणायची, जेठांना विचार, बैलगाडी मोकळी आहे का. आबा समोरच बसलेले. तेही चारूलाच सांगायचे, सांग तिला, घेऊन जा. त्या सकाळी अक्का ओट्याच्या खाली उभी राहिली, चार हात सोडून, आणि आबांकडे पाहून बोलली.

"आबा, माह्या घरी सहा महिने खोकला झाकला. पोरीचं लगन मोडीन म्हून. लगन झालं न् पंधरा दिवसानं मानूस गेला. पोरगी सासरहून पहिल्यांदा आली ते दारावर आली. आता तुम्ही केयीसाठी थांबू र्‍हायले. मी नाही थांबत. चला."

त्या घरातल्या खोकल्याची गोष्ट गावात कोणाला माहीत नव्हती. मलाही नाही, आणि मी भाऊबंद. आबा खाटेवरून पाय खाली सोडून बसले. मग मला म्हणाले, "पंड्या, माही टोपी दे."

एक वर्ष झालं होतं मी त्या माणसाला सांगत होतो. आबा हात धुवा, आबा पारावर बसू नका, आबा चारचौघांत चिलीम फिरवू नका. एक वर्ष. मला उत्तर मिळायचं, तू आपलं भाषण गावाला दे. आणि ही बाई आयुष्यात पहिल्यांदा बोलली आणि म्हातारा टोपी मागतो. राग कोणाचा आला मला, सांगता येत नाही. टोपी मी दिली, पण अशी दिली की खाली पडली.

ते ट्रॉलीत गेले. अक्काने ट्रॅक्टरच सांगितला, उघड्या हवेत लांब लांब बसता येतं म्हणून. बिबड्यांच्या त्या दोघी बायकांनाही ती घेऊन गेली. घाटा चुलीवर तसाच राहिला. मी मोटरसायकलवर मागे गेलो. गावातलं काम मी करतो आणि माझ्या बापाला दुसरं कोणी नेतंय, हे रस्त्यावरच्या लोकांना दिसत होतं.

आरोग्य केंद्रात झटपट होणारी अँटिजेन तपासणी झाली. नाकात काडी फिरवली, पट्टी ठेवली, आम्ही बाहेर कडुनिंबाखाली उभे. वीस मिनिटांनी भूमिका सिस्टर बाहेर आल्या. चारू निगेटिव्ह. आबा निगेटिव्ह. त्या दोघीही निगेटिव्ह.

त्या क्षणी मला जे सुख झालं ते लिहितो, कारण लपवण्यात अर्थ नाही. बाप वाचला याचं सुख नव्हतं ते. अक्का चुकली याचं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काय अक्का, अजून थोडा लसूण आणू का?" तिथे उभे असलेले लोक हसले. मी खिशातून फोन काढला आणि बन्सीलालला सांगितलं, गुरुवारची गाडी पक्की.

अक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने सिस्टरना विचारलं, "सिस्टर, याच्यात नाही आलं म्हनजे नाहीच, आसं असते का?"

सिस्टर म्हणाल्या, "नाही अक्का. ही पटकन होते, पण कधी कधी सुटतं यात. लक्षणं आहेत ना, मग घशातला नमुना आरटीपीसीआरला पाठवायलाच हवा. जळगावहून रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील. तोवर दोघांनाही कोरोना आहे असंच समजून वेगळं ठेवायचं."

मी म्हणालो, झालं ना निगेटिव्ह, आता कशाला. आबा माझ्याकडे न बघता पुन्हा आत गेले आणि तोंड उघडून बसले. त्यांच्या मागे चारू गेली.

पुढचे दोन दिवस अक्काने माझ्या घरात माझ्या नाकावर टिच्चून राज्य केलं. आत मात्र पाऊल टाकलं नाही. आबांची खाट तिने बाहेरून सांगून सांगून अंगणाकडच्या खोलीत हलवायला लावली, दोन्ही खिडक्या उघड्या. चारू मागच्या खोलीत. ताट-वाटी वेगळी, दारात ठेवायची आणि मागे सरायचं. आणि तिने चारूला खिडकीतून विचारलं, ते बोटात घालायचं यंत्र कुठे आहे? माझ्या समितीने लोकवर्गणीतून एक ऑक्सिमीटर घेतलं होतं. उद्घाटनाला कोणाला बोलवावं यावर एकमत होईना म्हणून ते खोक्यातच होतं, माझ्या कपाटात. चारूने खोकं फोडलं. अक्काने शाळेच्या वहीचं पान दिलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऑक्सिजनचा आकडा लिहायचा, सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालून पुन्हा लिहायचा. चौऱ्याण्णवच्या खाली आला तर वाट बघायची नाही, फोन करायचा. कोणाला? तिला. मला नाही, मी घरात असून.

आबांचा आकडा सोमवारी सत्त्याण्णव. मंगळवारी सकाळी शहाण्णव, संध्याकाळी पंच्याण्णव. आबा म्हणत होते मला काही होत नाही, दम लागत नाही. मी म्हणत होतो, बघा, काही नाही. बुधवारी दुपारी त्र्याण्णव. चालून आल्यावर नव्वद. तरीही आबा म्हणत होते काही होत नाही. हाच या आजाराचा डाव होता. दम लागायच्या आधीच आकडा खाली जायचा.

चारूने अक्काला फोन केला. अक्काने सिस्टरना केला. तेवढ्यात रिपोर्टही आले, चारू पॉझिटिव्ह, आबा पॉझिटिव्ह. तासाभरात रुग्णवाहिका दारात. मी चपला घालून निघालो तर सिस्टरनी अडवलं. तुम्ही संपर्कातले, तुम्ही घराबाहेर पडायचं नाही, पाचव्या दिवशी तपासणी. आबा एकटे गेले जळगावला. टोपी, पाण्याची बाटली, आणि वहीचं ते पान सदऱ्याच्या खिशात. गाडीचं दार लागताना ते अंगणात कोणाला तरी शोधत होते हे मी पाहिलं. अक्का गेटापाशी होती. तिला पाहून त्यांनी मान हलवली.

मी आत येऊन बन्सीलालला फोन लावला. म्हटलं, उद्या टोळी येणार होती कापायला, बारा माणसं, आता काय करायचं. तो म्हणाला, टोळी तर अक्काने सोमवारीच थांबवलीय, मुकादमाला फोन करून. माझ्या बागेची टोळी. मला न विचारता. मी तशीच मोटरसायकल काढून तिच्या दारात भांडायला गेलो असतो, पण घर बंद करायला दारावर बांबू लागले होते. मी खिडकीतून ओरडलो. ती रस्त्यावरून जाता जाता थांबली आणि शांतपणे म्हणाली, तू त्या बारा जणांत दिवसभर हिंडला असता.

आणि बंदी? ती नव्हतीच. अक्काने तहसीलच्या माणसाला विचारलं होतं. घर बंद होतं, गल्ली बंद होते, माल बंद होत नाही. घरचं माणूस बागेत येणार नाही एवढीच अट. बन्सीलालने कोणाकडून तरी ऐकलं, आम्ही बन्सीलालकडून ऐकलं, आणि अख्ख्या गावाने ताप झाकले. अधिकाऱ्यांना घाम फोडणाऱ्या मला एक फोन करायचं सुचलं नव्हतं. सहा दिवसांनी अक्काच्या ओळखीची टोळी आली, मास्क लावून, केळी कापून गेली. दोन ओळी पिवळ्या पडल्या होत्या, त्या गुरांना घातल्या. एवढंच नुकसान, ज्याच्यासाठी मी बाप थांबवणार होतो.

पाचव्या दिवशी माझी काडी झाली. मी पॉझिटिव्ह. फारसं काही झालं नाही, ताप, अंगदुखी. चारूही घरीच, मागच्या खोलीत बरी झाली. त्या दोघी बायकांमधली एक पॉझिटिव्ह निघाली, तीही वेळेत घरात बसली. अक्का निगेटिव्ह. चौदा दिवस मी खिडकीत बसून तिला रस्त्याने जाताना-येताना बघत होतो. दर दोन दिवसांनी ट्रॅक्टर तपासणीला जायचा, ट्रॉलीत लांब लांब बसलेली माणसं. गावातल्या लोकांनी ताप झाकायचं बंद केलं होतं. माझा भोंगा घरात पडून होता, तरी.

आबा अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. परत आले तेव्हा सदरा अंगावर झोळीसारखा लोंबत होता. डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं की हे आकडे कोणी लिहायला लावले, इतक्या वेळेवर फार कमी म्हातारे इथे पोचतात. आबांनी काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच. माझं नाव त्यात कुठेही नव्हतं, आणि नसायलाच पाहिजे होतं.

आता आबा रोज संध्याकाळी चालत अक्काच्या ओट्यापर्यंत जातात. पस्तीस वर्षांचं न बोललेलं दोघांनी बोलून काढायला घेतलंय. कधी पाऊस, कधी शिंदखेड्याची मुलगी, कधी जुन्या मयतांची नावं. मी रस्त्याने गेलो तर आबा हात वर करतात, ओळखीच्या माणसाला करावा तसा. मागच्या महिन्यापासून आळीत पुन्हा खोकला फिरतोय. कोरोना असेल, नसेल, कोणालाच माहीत नाही. दोन घरी मी ऐकलं, ऊन लागलंय म्हणून. मी काही बोलायच्या आत लोक अक्काला विचारायला गेले होते.

मी जळतोच. ते माझं मी बघेन. पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. घरात खोकला, ताप असेल, वास किंवा चव गेली असेल आणि पहिली झटपट तपासणी निगेटिव्ह आली असेल, तर तिथून आनंदात घरी येऊ नका. दुसरा नमुना देऊनच या, रिपोर्ट येईपर्यंत त्या माणसाला वेगळं ठेवा, आणि तुम्हीही कामावर जाऊ नका. केळीची गाडी, लग्न, काहीही असू द्या. एवढं करा.